बाळाला न्हाऊ कोण घालतं?

एप्रिलमधली गोष्ट. सात आठवड्यांच्या मुलीला घेऊन तिची आई आणि आजी आल्या. आठ दिवसांपूर्वीच मी तिला पाव्हलिक हार्नेस लावला होता. डावा खुबा वाटीबाहेर होता, ऑर्टोलानीची खूण स्पष्ट मिळत होती आणि सोनोग्राफीनेही तेच सांगितलं होतं. आता मुलगी आजीच्या मांडीवर दुपट्यात करकचून गुंडाळलेली, दोन्ही पाय सरळ. बेल्ट कुठे आहे विचारलं, तर आईने पिशवीतून काढून दाखवला. स्वच्छ धुतलेला, घडी घातलेला. "मालिशवाल्या मावशी येतात ना डॉक्टर, तेवढ्यापुरता काढतो. काल तेलकट झाला म्हणून धुऊन टाकला." मालिश, अंघोळ, धुरी आणि मग दुपट्यातली गाढ झोप. हे 'तेवढ्यापुरतं' रोज तीन-साडेतीन तासांचं होतं. धुताना सगळ्या पट्ट्या सुट्या झालेल्या. कुठली किती ओढायची हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी चिडलो. केसपेपर उघडला तर माझ्याच अक्षरात एक ओळ होती : बेल्ट २४ तास, ७ दिवसांनी दाखवणे. बाळाला न्हाऊ कोण घालतं, हे मी विचारलंच नव्हतं.

खुब्याच्या या दोषावर आपण परिषदांतून भरपूर बोलतो. अल्फा कोन किती, पुन्हा सोनोग्राफी कधी, तीन-चार आठवड्यांत खुबा बसला नाही तर हार्नेसचा हट्ट सोडून पुढचा मार्ग कोणता. हे सगळं हवंच. पण ओपीडीत बाळ आपल्यासमोर दहा मिनिटं असतं. बाकीचा सगळा वेळ ते अशा घरात असतं, जिथे बाळाचं अंग कसं वळवावं याबद्दल दोन-तीन पिढ्यांची ठाम मतं आहेत. आपला उपचार तिथे जिंकतो किंवा हरतो.

आपण बेल्ट म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर प्लास्टर येतं : आवळून बांधायचं, हलू द्यायचं नाही. अर्नोल्ड पाव्हलिक या झेक अस्थिशल्यविशारदाने १९४०च्या दशकात मांडलेली कल्पना याच्या बरोबर उलट होती. पाय ताणून जखडून ठेवणाऱ्या साधनांनी मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हे दिसत होतं. त्यांनी खुबा दुमडलेला ठेवला आणि बाळाला लाथा मारायची मुभा दिली. पुढच्या पट्ट्या खुबा ९० ते १०० अंशांत दुमडून धरतात. मागच्या पट्ट्या पाय एकमेकांकडे येऊ नयेत एवढंच बघतात. पाय फाकण्याचं काम बाळाच्या पायांचं वजनच करतं. म्हणून मागच्या पट्ट्या सैल हव्यात. इथेच घरात गफलत होते. 'सैल दिसतंय' म्हणून काका, आजोबा किंवा शेजारचे कंपाउंडर सगळ्या पट्ट्या सारख्याच ओढून टाकतात. मागची जास्त ओढली तर गोळ्याचा रक्तपुरवठा धोक्यात येतो, पुढची जास्त ओढली तर फेमोरल नर्व्ह दबते. दुसरा धोका आईला सहज पकडता येतो, फक्त तिला सांगायला हवं : लंगोट बदलताना तळव्याला गुदगुल्या कर, बाळ गुडघा झटकून पाय सरळ करतंय का बघ. करत नसेल तर रविवार असला तरी फोन कर. आणि पट्ट्या कुठवर ओढायच्या, तिथे बॉलपेनने रेघ मारून द्यायची. या रेघेइतकं स्वस्त साधन आपल्या शास्त्रात दुसरं नसेल. बाळ वाढतं तशी ती रेघ सरकते, ती आपण सरकवायची, घरच्यांनी नाही.

आता मालिश. मालिशवाल्या बाईला खलनायिका ठरवण्याची आपल्यात जुनी खोड आहे. मला ती सोडावीशी वाटते. बाळंतपणानंतर त्या घरात रोज हमखास येणारी आणि बाळाला रोज उघडं बघणारी तीच एक व्यक्ती. तिला ओपीडीत बोलवा. निदान आईच्या फोनवर तिच्यासाठी दोन मिनिटांचा व्हिडिओ करून द्या. डोकं, छाती, हात चोळायला काहीच हरकत नाही, तेल मात्र पट्ट्यांखाली जाता कामा नये. पाय ओढून जोडायचे नाहीत, घोट्यांना धरून बाळ उचलायचं नाही. न्हाणीऐवजी ओल्या मऊ फडक्याने अंग पुसायचं. गळ्याच्या वळ्या, जांघ आणि गुडघ्यामागची खोबण या तीन जागा रोज बघायच्या. मराठवाड्यात नाहीतर विदर्भात मे महिन्यात तिथे घामोळं उठणारच. त्यावर पावडर नको, घामात तिचे गोळे होऊन कातडी सोलवटते. ज्यांच्या खुब्याला चालेल, त्यांना आठवड्यातून एकदा दवाखान्यातच पट्टा काढून बाळाला न्हाऊ घालण्याची सोय करून द्यावी. एक बादली कोमट पाणी आणि परिचारिकेची पंधरा मिनिटं लागतात. पट्टा धुऊन होतो, रेघा तपासल्या जातात आणि आजीचा जीव भांड्यात पडतो. आजीचा जीव भांड्यात पडणं हा या उपचाराचा भाग आहे, असं मी आता मानतो.

कपड्यांच्या बाबतीत आपलं जुनं झबलं फार उपयोगी ठरतं. पातळ सुती, मागून उघडं, पट्ट्यांच्या आत घालायला सोपं. पायांत गुडघ्याच्या वर येणारे मोजे घातले की पट्टा कातडीला घासत नाही. लंगोट पट्ट्यांच्या खालून घ्यायचा, कमरेला हात घालून बाळ उचलायचं. दुधाचा प्रश्न आईला सर्वांत आधी पडतो आणि आपल्या कागदावर तो सर्वांत शेवटी येतो किंवा येतच नाही. नेहमीसारखं आडवं घेतलं तर फाकलेले पाय आईच्या पोटाशी अडतात. बाळाला काखेखालून, पाय मागे करून घेतलं की जमतं. झोपवायचं उताणं. कुशीवर वरचा गुडघा आत पडतो, म्हणून नको. झोळीत पाय जवळ येतात, सपाट तळाच्या पाळण्यात येत नाहीत. आणि दोन-तीन लंगोट एकावर एक बांधण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याने निखळलेला खुबा बसत नाही, उपचार मात्र लांबतो.

हा दोष मुलींमध्ये मुलग्यांच्या कितीतरी पट आढळतो. बारशाला पाहुणे येणार म्हणून बेल्ट काढून ठेवला, असं एकीने मला सांगितलं. 'पोरीत खोट आहे' असं कुणी म्हणू नये म्हणून दुसरीने दीड महिना बाळ दुपट्याखालीच ठेवलं होतं. या आयांना अंश आणि कोन सांगून काही होत नाही. आज काही आठवड्यांचा बेल्ट टाळला तर मुलगी चालायला लागल्यावर लंगडेल, मग भूल, शस्त्रक्रिया आणि कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर, हे सासूसमोर, नवऱ्यासमोर, स्वच्छ शब्दांत सांगायचं असतं. आणि पहिलं बाळंतपण माहेरी होतं हेही विसरू नये. बेल्ट लागतो माहेरच्या गावात आणि ऐन मधल्या आठवड्यांत आई सासरी जाते. जाण्याची तारीख पहिल्याच भेटीत विचारावी, सासरच्या जवळच्या सहकाऱ्याच्या नावाने चिठ्ठी लिहून ठेवावी.

जपानने १९७०च्या दशकात तान्ह्या बाळांचे पाय सरळ बांधू नका, अशी देशव्यापी मोहीम घेतली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आपण तर मोठं झालेलं मूल कडेवर घेणारी माणसं. कडेवरचं मूल पाय फाकून बसतं, खुब्याला ते मानवतंच. पहिल्या दोन-तीन महिन्यांतलं पाय जोडून घट्ट गुंडाळणं तेवढं सुटलं पाहिजे. गुंडाळायचंच असेल तर छातीपर्यंत, खाली पाय मोकळे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पालघरमध्ये, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी. त्याच्या यादीतल्या नऊ जन्मजात दोषांत खुब्याचा हा दोष आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना बाळ लशीसाठी येतंच. टोचण्याआधी लंगोट सोडून दोन्ही खुबे बघायला एक मिनिट पुरतं. बाळ रडायला लागल्यावर मांड्या आवळतात आणि काहीच कळत नाही. पायाळू जन्मलेलं किंवा घरात कुणाला हा दोष असलेलं बाळ असेल, तर तपासणीत काही सापडलं नाही तरी सहा आठवड्यांना सोनोग्राफी करून घ्यावी.

त्या मुलीचा हार्नेस मी त्याच दिवशी पुन्हा लावला. पुढच्या खेपेला मालिशवाल्या मावशी स्वतः आल्या, रेघा कुठे आहेत ते नीट बघून गेल्या. खुबा बसला.

या अंकासोबत घरच्यांना देण्यासाठी एक पानी सूचनापत्रक जोडलं आहे. त्याच्या झेरॉक्स काढा, तुमच्या भागातल्या बोलीत शब्द बदला, चुकलं असेल ते कळवा. मागची बाजू कोरी ठेवली आहे. तिथे पुढच्या भेटीची तारीख, तुमचा फोन नंबर आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईचं नाव लिहायचं आहे.