‘उलटी पिशवी’ आणि नवऱ्याची राहून गेलेली तपासणी

सोनोग्राफीचा रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि त्यातली पहिली ओळ बहुधा गर्भाशयाची असते: ‘युटरस रिट्रोव्हर्टेड, नॉर्मल इन साइझ’. म्हणजे गर्भाशय मागे झुकलेलं आहे, आकार व्यवस्थित आहे. जिंतूर-पालमकडून परभणीला तपासणीसाठी आलेल्या घरात या ओळीचा उत्तरार्ध कुणाच्या लक्षात राहत नाही. परतीच्या एसटीत बसेपर्यंत निकाल लागलेला असतो, सुनेची पिशवी उलटी आहे. रात्रीपर्यंत ही बातमी जावांना, नणंदांना आणि शेजारच्या मावशींनाही कळते. लग्नाला वर्ष झालं तरी दिवस का राहत नाहीत, याचं कारण सापडल्याचं एक विचित्र समाधान घरात पसरतं.

ते कारण नसतंच. साधारण पाचातल्या एका बाईचं गर्भाशय मागे, पाठीच्या कण्याकडे झुकलेलं असतं. कुणी डावखुरं असावं, तितकंच ते साधं. बहुतेकींना ते असल्याचं आयुष्यभर कळत नाही. त्यांना लेकरं होतात, बाळंतपणं नेहमीसारखी पार पडतात. हा कल कायमचा ठरलेला असतो असंही नाही. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला मागे ढकलतं, आणि पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीआधी तर तांब्याभर पाणी पिऊन बसायलाच सांगतात. बाळंतपणानंतरही दिशा बदलू शकते.

मग उशी कुठे ठेवायची, पाय किती वेळ भिंतीला टेकवायचे, पालथं झोपायचं का, हे सल्ले कुठून येतात? पिशवीचं तोंड खाली असल्यामुळे सगळं ओघळून जातं, या समजातून. प्रत्यक्षात शुक्रजंतू उतारावरून घरंगळत जात नाहीत, पोहत जातात. बीज सुटण्याच्या सुमाराला गर्भाशयमुखाचा स्राव पातळ होतो आणि त्यातून ते काही मिनिटांत आत शिरतात. पिशवी पुढे झुकलेली आहे की मागे, याने त्यात फरक पडत नाही. जे ओघळतं ते बाकीचं द्रव. महिन्यात दिवस राहण्याजोगे साधारण सहा दिवस असतात, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणाऱ्या जोडप्याला तेही मोजत बसायची गरज नाही.

या भीतीचा उगम मात्र अडाणीपणात नाही. ती डॉक्टरांनीच पेरली. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या ह्यू हॉज यांनी पिशवी पुढे धरून ठेवणारं वळणदार कडं बनवलं. 1881-82 च्या सुमारास लिव्हरपूलच्या विल्यम अलेक्झांडर आणि ग्लासगोच्या जेम्स अ‍ॅडम्स यांनी पिशवीचे बंध आखूड करून ती पुढे ओढून घेण्याची शस्त्रक्रिया रूढ केली आणि 1900 मध्ये अमेरिकेत गिलियम यांची पद्धत आली. कंबरदुखी, थकवा, वंध्यत्व, सगळ्याचं खापर या कलावर फोडून हजारो बायकांची पोटं उघडली गेली. पुढे कळलं, की पिशवी ‘सरळ’ केल्याने यातलं फारसं काही बरं होत नाही. युरोप-अमेरिकेत ही फॅशन ओसरली. आपल्याकडे शस्त्रक्रिया मागे पडली, पण शब्द वाड्या-वस्त्यांवर जाऊन बसला.

दोन ठिकाणी मात्र सावध राहायला हवं. पिशवी नुसती झुकलेली नसून मागे चिकटून बसली असेल, तर त्यामागे आजार असू शकतो: एंडोमेट्रिओसिस, ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग किंवा जननेंद्रियांचा क्षयरोग. यांनी बीजनलिका बंद होतात आणि मूल न होण्याचं खरं कारण तिथे असतं; पिशवीचं मागे राहणं हा त्या आजाराचाच परिणाम. पाळीत अंथरूण धरायला लावणारं दुखणं, संबंधाच्या वेळी आत खोलवर होणारी वेदना, या तक्रारी ‘बायकांना असतंच’ म्हणून उडवून लावल्या जातात आणि निरुपद्रवी कलाची चर्चा मात्र वर्षभर चालते. दुसरी गोष्ट दिवस राहिल्यानंतरची. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस वाढती पिशवी आपोआप वर येते. क्वचित ती मागेच अडकते आणि लघवी कोंडते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

हे सगळं पुण्या-मुंबईत एका समुपदेशनात आटोपलं असतं. मराठवाड्यात तसं होत नाही, कारण इथे ‘पिशवीत काहीतरी आहे’ हे वाक्य कधीच साधं नसतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडूनही टोळ्या कारखान्यांवर जातात. कोयता एकच, पाळीच्या दिवसांतली अडचणही एकच. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’, या वाटेने ऑपरेशनच्या टेबलापर्यंत गेलेल्या बायका प्रत्येक नात्यात आहेत. अशा मुलखात विशीतल्या मुलीला तिची पिशवी उलटी आहे असं मोघम सांगून सोडून देणं हा बेजबाबदारपणा आहे. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल, तरीही आहे.

त्यात वयाचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणी जिल्ह्यात 48 टक्के निघालं, राज्यात सर्वाधिक. सतराव्या वर्षी संसारात ढकललेल्या मुलीला अठराव्या वर्षी ‘अजून काही नाही का’ असं विचारलं जातं आणि तिला तपासणीच्या रांगेत उभं केलं जातं. तिला अजून दिवस राहिले नाहीत, ही खरं तर तिच्या शरीराची सुटका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार नियमित संबंध ठेवून बारा महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तरच वंध्यत्वाचा विचार करायचा. बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर डॉक्टर सहा महिन्यांनी तपासण्या सुरू करतात. आपल्याकडे मात्र दुसरा सण येण्याआधीच बाबा, बुवा आणि सोनोग्राफी यांची फेरी पूर्ण झालेली असते.

या फेरीत एक माणूस कुठेच दिसत नाही. नवरा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला असतो. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या प्रकरणांत दोष पूर्णपणे किंवा अंशतः पुरुषाकडे असतो. वीर्यतपासणी सुईशिवाय होते, काही शे रुपयांत होते. तरी तिचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो. तोवर बायकोच्या रक्ताच्या चाचण्या, नळ्यांचा एक्स-रे आणि कधी दुर्बिणीची शस्त्रक्रियाही उरकलेली असते. ‘आमच्या पोराला काय धाड भरलीय’ हे सासूचं वाक्य कुणी डॉक्टरने ऐकलं नसेल, असं वाटत नाही. आणि उलट्या पिशवीचा रिपोर्ट या वाक्याला आयता पुरावा पुरवतो. मूल नाही म्हणून टोचून बोलणं हे 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात भावनिक छळ म्हणून नावानिशी नोंदवलेलं आहे, हेही फार थोड्या घरांना माहीत असतं.

उपाय महागडे नाहीत. सोनोग्राफीच्या रिपोर्टखाली मराठीत एक ओळ छापता येईल: गर्भाशयाचा हा कल नैसर्गिक आहे, त्याने गर्भधारणेला अडथळा येत नाही. गावात सगळ्यांत आधी विचारलं जातं ते आशाताईंना, म्हणून त्यांच्या प्रशिक्षणात हा विषय अर्धा तास घेता येईल. आणि नवऱ्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय बायकोच्या नळ्यांच्या तपासणीची चिठ्ठी लिहायची नाही, असा दंडक डॉक्टरांनी स्वतःच घालून घ्यायला हवा.

नवरे मात्र नुसत्या चिठ्ठीने येणार नाहीत. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून ते लॅबच्या पायरीवरून परत फिरतात. घरी नमुना घ्यायची मुभा असते, पण तो साधारण तासाभरात, अंगाच्या उबेत ठेवून प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. पालम किंवा जिंतूरच्या आतल्या गावातून, आपल्या रस्त्यांवरून, तासात परभणी गाठून दाखवावी कुणी. ही तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच व्हायला हवी, आणि नमुना देण्यासाठी तिथे आतून कडी लागणारी एक खोली हवी.