मातीला दोष देण्याआधी छप्पर पाहा

संध्याकाळी दोनेक तास बारीक लाकडं जाळायची आणि त्या उबेवर मातीचा ओटा पहाटेपर्यंत गरम राहायचा. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात, हाताने घडवलेल्या मातीच्या घरांमध्ये, हे हिवाळाभर चालतं. ओटा तापवणाऱ्या या शेगडीला रॉकेट हीटर म्हणतात. कमी लाकडात, कमी धुरात स्वयंपाक व्हावा म्हणून १९८०च्या दशकात अप्रोवेचो संशोधन केंद्रातल्या लॅरी विनियार्स्की यांनी रॉकेट चुलीची तत्त्वं मांडली. त्याच संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, मूळचे वेल्सचे इआंटो इव्हान्स यांनी ती घर उबदार ठेवण्याकडे वळवली. ग्वाटेमालात १९७६च्या भूकंपानंतर माती-वाळूच्या लोरेना चुली घडवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

रचना इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी. लाकडं तोंडातून उभी सोडायची. ती तळाशी जळतात आणि आपल्याच वजनाने खाली सरकतात. ज्वाळा आडव्या बोगद्यातून उंच नळीत शिरते. नळीभोवती परलाइट आणि चिकणमातीचं हलकं, सच्छिद्र अस्तर असतं, त्यामुळे उष्णता आतच कोंडते आणि धूरही जळून जातो. नळीवर दोनशे लिटरचं लोखंडी पिंप पालथं घातलेलं असतं. तापलेला वायू पिंपाच्या माथ्याला थडकतो, कडेने खाली उतरतो, ओट्यात पुरलेल्या पाइपातून लांबचा फेरा मारतो आणि आपली धग मातीला देऊन घराबाहेर पडतो. वैलाच्या चुलीवर मुख्य आगीची उरलेली आच दुसऱ्या भांड्याला मिळते. तेच शहाणपण इथे अख्ख्या खोलीसाठी वापरलेलं आहे.

यात एक मेख आहे. आगीभोवतीच जाड माती थापली तर ती उष्णता शोषून घेते, आग मंदावते आणि खोली धुराने भरते. जड माती उष्णता अडवत नाही, साठवते. म्हणून आगीला हलकं अस्तर आणि ओट्याला जड माती, हा क्रम उलटून चालत नाही. धुराडं बरोबर नसेल तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. बांधायचं हाताने, पण मापं काटेकोर हवीत.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात अशा शेगडीचं काम नाही. ती लडाख, काश्मीर, हिमाचलची गरज. तिथे पत्र्याची बुखारी पेटती असेपर्यंत खोली भाजून काढते आणि विझली की लगेच गारठा परत येतो. दगडी फरशी खालून तापवून तासन् तास ऊब राखणारा काश्मिरी हमाम याहून कितीतरी शहाणा. लेहजवळच्या फे गावातली सेकमोल या संस्थेची शाळा तर मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेच्या काचेतून येणारं ऊन यांवरच हिवाळा काढते. तिच्या इमारतीला २०१६मध्ये मातीच्या वास्तूंसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राने घ्यायचं ते या बांधकामामागचं शास्त्र. पण इथे मातीच्या घराचा विषय निघाला की किल्लारीचा भूकंप आठवतो, आणि ते साहजिकच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं आपल्याच घरांखाली गाडली गेली. ज्यांनी ते भोगलं त्यांच्या भीतीला कुणी नावं ठेवू नयेत. मात्र ती घरं कशी होती, हेही नीट पाहायला हवं. ओबडधोबड दगडांची, दोन पदरी भिंत; मध्ये भर; दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. वर लाकडी सरांचं माळवद, आणि ऊन-गळती थोपवायला त्यावर वर्षानुवर्षं चढवलेले पांढऱ्या मातीचे थर, कुठे कुठे दोन फुटांचे. भिंत फुटली आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

सात वर्षांनी, २६ जानेवारी २००१ला, कच्छ हादरलं. तिथले भुंगे म्हणजे गोल घरं, त्यातले पुष्कळसे मातीच्या भिंतींचे, वर गवताचं हलकं छप्पर. त्यातले बरेचसे तगले. माती दोन्हीकडे होती. फरक आकारात आणि डोक्यावरच्या वजनात होता.

हे ज्ञान गुप्त नाही. भारतीय मानक ब्यूरोची आयएस १३८२७ ही मातीच्या इमारतींच्या भूकंपरोधाची मार्गदर्शक तत्त्वं १९९३चीच आहेत. छप्पर हलकं ठेवा, दार-खिडकी १.२ मीटरहून रुंद नको, दोन आडभिंतींमधलं अंतर भिंतीच्या जाडीच्या दहापटीहून जास्त नको, चारही भिंतींना बांधणारा आडवा पट्टा घाला. गवंड्याला एका दुपारी समजतील अशा या गोष्टी आहेत. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ या संग्रहात प्रदेशवार घरांचे नमुनेही दिले आहेत, त्यात स्थानिक साहित्याला जागा आहे. तरी घरकुलाचे पैसे हातात आले की बहुतेक ठिकाणी सिमेंटची खोली आणि वर पत्रा, असंच ठरतं. एप्रिल-मे महिन्यात त्या खोलीत दुपारी बसवत नाही.

याचं खरं कारण गवंडी आहे. मातीच्या भेंड्यांची भिंत रचणारे हात म्हातारे झाले. कोणती माती किती चिकण, हे बाटलीत पाणी घालून, हलवून, बसलेल्या थरांवरून ओळखता येतं: वाळू तळाला, गाळ मध्ये, चिकण वर. मग वाळू आणि पेंढा किती मिसळायचा ते ठरतं. गारा पायाने तुडवायचा, भिंत रोज हातभरच चढवायची, खालचा थर आवळला की वरचा. हे काम स्वस्त नाही, मेहनतीचं आहे. ओल हा मातीचा शत्रू, म्हणून जोतं उंच आणि वळचण लांब लागते. कोकणच्या पावसात तर जास्तच.

सरकारने मातीला सरसकट माफी द्यावी, असं कुणी म्हणत नाही. पण घर तपासणाऱ्या अभियंत्याने साहित्याचं नाव लिहून थांबू नये. छप्पर किती जड, पट्टा आहे का, जोतं कोरडं आहे का, हे पाहावं. आयटीआयच्या गवंडी अभ्यासक्रमात आयएस १३८२७ असावं. आणि सुरुवात मराठवाड्यातच व्हावी: दर तालुक्यात हलक्या छपराचं, पट्टे घातलेलं एक नमुना घर, तिथल्याच गवंड्यांच्या हातून, शिकण्याच्या दिवसांची पूर्ण मजुरी देऊन.