'आपल्यासारखा' म्हणजे कोणासारखा?

स्वीडिश गुन्हेकथांविषयी बोलणे निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते: 'तिथले डिटेक्टिव्ह किती माणसासारखे असतात!' पोट बिघडलेले, घटस्फोट झालेले, मुलीशी धड बोलता न येणारे, रात्री एकटेच पीत बसणारे. होम्सचे अलौकिक तर्कसामर्थ्य किंवा बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारची बेदरकार धडाडी त्यांच्यापाशी नाही. ते आपल्यासारखेच चुकतात आणि म्हणून जवळचे वाटतात. विद्यार्थ्यांच्या निबंधांत आणि चर्चासत्रांतल्या टिपणांत हे वाक्य इतक्या वेळा भेटले आहे की आता त्याचा राग येऊ लागला आहे. ते खोटे नाही. पण ते जिथे संपते तिथून खरे वाचन सुरू व्हायला हवे, आणि ते होत नाही, ही माझी तक्रार आहे.

मुळात सदोष डिटेक्टिव्ह ही स्वीडनची निर्मितीच नव्हे. होम्स कोकेन घेत होता. पण त्याचा दोष हा त्याच्या प्रतिभेचा अलंकार आहे. कामाविना कंटाळलेल्या बुद्धीने लावून घेतलेले व्यसन. मार्टिन बेकची पोटदुखी अशी कशाचाही अलंकार नाही. मग ती तिथे कशासाठी आहे?

माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. प्रत्येकीत तीस प्रकरणे आणि साऱ्या मालिकेला उपशीर्षक एकच: 'एका गुन्ह्याची कादंबरी'. दहा पुस्तके, कितीतरी खून, आणि गुन्हा मात्र एकवचनी! दोघेही मार्क्सवादी होते. 'लोकांचे घर' म्हणून मिरवल्या जाणाऱ्या कल्याणकारी राज्याने कष्टकऱ्यांचा केलेला विश्वासघात हाच त्यांच्या लेखी तो गुन्हा. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे १९६५ साली, स्वीडनचे पोलीसदल स्थानिक संस्थांकडून काढून सरकारने आपल्या हाती घेतले. बेकला सतत होणारी सर्दी, त्याची मळमळ, घरी जाण्याची नावड, फावल्या वेळात चिकाटीने जोडलेली जहाजांची छोटी मॉडेल्स हे सारे या पार्श्वभूमीवर वाचायचे असते. 'हसणारा पोलीस' (१९६८) या कादंबरीत स्टॉकहोममधल्या बसमध्ये नऊ माणसे गोळ्यांनी मारली जातात, तेव्हा शहरातले पोलीस व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शकांना आवरण्यात गुंतलेले असतात. बेक ज्या यंत्रणेची नोकरी करतो ती यंत्रणाच त्याला पचत नाही. आणि लग्न मोडून तो बाहेर पडतो, दुसरे मोकळे नाते जोडतो, तेव्हा त्याची प्रकृती सुधारू लागते. दोष ही त्याची नियती नाही. परिस्थिती बदलली की माणूस बदलतो, हे लेखकद्वयाचे राजकीय प्रतिपादन त्याच्या जठरातून मांडले गेले आहे. 'पोट आपलेही बिघडते' एवढ्यावर थांबणाऱ्या वाचकाला यातले काय हाती लागणार?

आता हेनिंग मांकेलच्या कुर्ट वालांडरकडे वळू. 'चेहरा नसलेले खुनी' (१९९१) या पहिल्याच कादंबरीत दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात एका म्हाताऱ्या शेतकरी जोडप्यावर अमानुष हल्ला होतो. मरणाऱ्या बाईच्या तोंडून 'परदेशी' हा शब्द निघतो, बाहेर फुटतो, आणि निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले सुरू होतात. एका सोमाली निर्वासिताला गोळी घालून मारले जाते. त्याच कादंबरीत बायको सोडून गेलेला वालांडर दारू पिऊन गाडी चालवतो. गस्तीवरचे सहकारी त्याला अडवतात आणि गुन्हा न नोंदवता घरी पोचवतात. सरकारी वकील ॲनेट ब्रोलिन हिच्याशीही तो दारूच्या अमलात अंगलट करू पाहतो.

हे पुस्तक वर्गात चर्चेला घेतले होते. एका विद्यार्थ्याने ठरलेले वाक्य म्हटले: 'सर, तो आपल्यासारखा आहे.' मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, 'आपल्यासारखा म्हणजे कोणासारखा? मला तर ती वकीलबाई माझ्यासारखी वाटली.' वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण इतकी वर्षे मी स्वतः तेच वाक्य शिकवत आलो होतो. वालांडरला सहकारी माफ करतात, पाठोपाठ आपणही माफ करतो, आणि या माफीला 'मानवी दर्शन' असे भारदस्त नाव देतो. ज्याला कोणतीही चूक न करता गोळी घातली गेली त्या निर्वासिताच्या वाट्याला हे 'मानवी दर्शन' येते का? चूक करूनही सहानुभूती मिळणे ही कादंबरीत काहींनाच लाभणारी सवलत आहे. मांकेलला ती विषमता दिसत होती. स्वीडनमध्ये वाढणाऱ्या परकीयद्वेषाविषयी लिहायचे म्हणूनच त्याने हा पोलीस घडवला. आपल्याला मात्र तेवढा पोलीस दिसतो.

पात्राच्या मोहात समाज दिसेनासा होण्याचे ठळक उदाहरण तर मुखपृष्ठावरच छापलेले आहे. स्टिग लार्सनच्या २००५ सालच्या कादंबरीचे स्वीडिश नाव आहे 'स्त्रियांचा द्वेष करणारे पुरुष'. इंग्रजीत ती ड्रॅगन गोंदवलेल्या मुलीची कादंबरी झाली. आरोप गेला आणि त्याच्या जागी एक चमकदार व्यक्तिमत्त्व आले. आपल्यापैकी बहुतेकांनी ती इंग्रजीतूनच वाचली आणि लिस्बेथ सालांडरच्या विक्षिप्तपणावर भरभरून बोललो.

यावर आक्षेप येईल की राजकारण हवे असेल तर निबंध वाचावा, कादंबरी माणसासाठी वाचायची असते. या आक्षेपात तथ्य आहे. शोवाल-वालोंच्या अखेरच्या पुस्तकांत लेखकाचा आवाज कथेच्या डोक्यावर बसतो, हे मीही मान्य करतो. पण माणूस आणि राजकारण अशी फाळणी या परंपरेतल्या उत्तम पुस्तकांनी ठेवलेलीच नाही. वालांडरची शेवटची कादंबरी 'अस्वस्थ माणूस' (२००९) पाहा. शीतयुद्धाच्या काळात स्वीडनच्या सागरी हद्दीत शिरलेल्या पाणबुड्यांचे, देशाने गाडून टाकलेले प्रकरण वालांडर उकरत असतो. आणि त्याच पुस्तकात त्याची स्वतःची स्मृती अल्झायमरने विझत जाते. इथे 'बिचारा वालांडर' म्हणून डोळे पुसणे सोपे आहे. पण एका देशाचे सोयीस्कर विस्मरण आणि एका माणसाचे असहाय विस्मरण शेजारी शेजारी ठेवण्यात मांकेलने जे साधले आहे, ते या अश्रूंत वाहून जाते.

न. चिं. केळकरांनी साहित्यानंदाला 'सविकल्प समाधी' म्हटले, ते आपण एम.ए.ला पाठ केलेले असते. पात्राशी तद्रूप व्हायचे, पण आपले वेगळेपण शाबूत ठेवून. 'आपल्यासारखा' या शब्दाने आपण समाधी तेवढी ठेवतो आणि विकल्प टाकून देतो. मग घटस्फोट, दारू आणि पावसाळी हवा एवढी सामग्री जमवली की कोणालाही 'स्वीडिश' डिटेक्टिव्ह तयार करता येतो. असे किती तरी आज दूरदर्शन मालिकांतून हिंडत आहेत, आणि त्यांच्या दुखण्याला कसलेही कारण नाही.

म्हणून अध्यापक मित्रांना विनंती आहे. यापुढे निबंधात 'हा डिटेक्टिव्ह आपल्यासारखा आहे' असे वाक्य आले तर त्याखाली बरोबरची खूण करू नका. समासात एवढेच लिहा: 'त्याच्या चुकीची किंमत कोणी मोजली?' शोवाल-वालोंच्या पहिल्या कादंबरीत मोतालाजवळ कालव्याचा गाळ उपसताना एका तरुणीचे प्रेत वर येते. ती कोण, हे कळायलाच तपासाचे कित्येक आठवडे जातात. बेकच्या सर्दीविषयी आपण पानेच्या पाने लिहिली आहेत. कादंबरीला मात्र नाव त्या तरुणीचे आहे: 'रोझेआना'.