‘विसरायला होतंय’ ही तक्रारही मोजायला हवी

केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीआधी रुग्णाचे वजन होते. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मोजल्या जातात. उलट्या किती झाल्या, हातापायांना मुंग्या येतात का, हेही विचारले जाते. ‘डोकं पूर्वीसारखं चालतं का?’ हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा केसपेपरवर येत नाही. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रियांना याच काळात ओळखीची नावे आठवेनाशी होतात, सुट्ट्या पैशांचा हिशेब चुकतो, गॅसवरचे दूध उतू जाते. कुणी विचारत नाही म्हणून त्या सांगत नाहीत, आणि सांगितलेच तर ‘टेन्शनमुळे होतं, होईल बरं’ एवढ्यावर विषय संपतो.

हा मनाचा खेळ नाही. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ५८१ रुग्णांचा आणि कर्करोग नसलेल्या ३६४ स्त्रियांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. केमोथेरपीच्या आधी आणि नंतर सर्वांकडून ‘फॅक्ट-कॉग’ ही ३७ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली होती. केमोथेरपी संपेपर्यंत ४५.२ टक्के रुग्णांनी लक्षणीय घसरण नोंदवली; तुलनेच्या गटात हे प्रमाण १०.४ टक्के होते. सहा महिन्यांनंतरही हे आकडे अनुक्रमे ३६.५ आणि १३.६ टक्के होते. थोडा विसरभोळेपणा कुणालाही असतो, हे तुलनेच्या गटाने दाखवले. रुग्णांमध्ये तो कितीतरी अधिक असतो, हेही त्यातूनच कळले.

या मोजणीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. रुग्णाचे म्हणणे आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे निकाल अनेकदा जुळत नाहीत. स्वतः नोंदवलेली तक्रार थकवा, चिंता आणि नैराश्य यांच्याशी अधिक जोडलेली दिसते. हे खरे आहे. पण म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. चाचणी शांत खोलीत, एका वेळी एकच काम देऊन होते. घरात कुकरची शिट्टी, मुलाचा अभ्यास आणि दारावरचा माणूस एकदमच येतात. चाचणीत रुग्ण बळ एकवटून उत्तर देते. त्यासाठी तिची किती दमछाक झाली, हे गुणांत दिसत नाही. चाचणी क्षमता मोजते आणि प्रश्नावली रोजचे जगणे मोजते. दोन्हींचे काम वेगळे आहे. शिवाय तक्रारीमागे नैराश्य, झोपेचा अभाव, रक्तक्षय किंवा थायरॉइड निघाले, तर त्यावर उपचार आहेत. म्हणजे तक्रार नोंदवणे तेव्हाही फायद्याचेच ठरते.

मात्र मोजायचे तर नीट मोजायला हवे. पहिली नोंद केमोथेरपी सुरू होण्याआधीची हवी. ती नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? दुसरा मुद्दा दिवसाचा. ‘फॅक्ट-कॉग’ मागील सात दिवसांविषयी विचारते. औषध दर तीन आठवड्यांनी दिले जाते आणि अनेकींना पहिला आठवडा सर्वांत जड जातो. पुढच्या फेरीच्या दिवशी विचारले तर उत्तर बहुधा तिच्या सर्वांत बऱ्या आठवड्याचे मिळते. त्यामुळे चक्रातला दिवस दर वेळी तोच असावा, आणि तो नोंदवलेला असावा.

तिसरा मुद्दा भाषेचा. शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतर इथे चालत नाही. विसरू नये म्हणून लिहिलेल्या याद्यांवर पूर्वीपेक्षा जास्त अवलंबून राहावे लागते का, असा एक प्रश्न त्या प्रश्नावलीत आहे. जिने आयुष्यात कधी यादी लिहिली नाही, तिने काय उत्तर द्यावे? भाजी विकणाऱ्या बाईला सुट्टे पैसे परत देण्याबद्दल, अंगणवाडी सेविकेला नोंदवहीबद्दल विचारले तर ती नेमके सांगेल. अर्थात, असे बदल मनाने करून भागत नाही. ते रुग्णांवर तपासून घ्यावे लागतात. प्रश्न वाचून दाखवायचा असेल तर नवरा किंवा सासू शेजारी नसावी. त्यांच्यासमोर ‘बरं आहे’ हेच उत्तर येते.

आणखी एक सावधगिरी. केमोथेरपीने विसरायला होते, असे आधी ठसवून सांगितले तर तक्रारी वाढतात, असे नेदरलँड्समधील संशोधकांना आढळले आहे. म्हणून घाबरवणारी सूचना देण्याऐवजी इतर प्रश्नांच्या ओघात साध्या शब्दांत विचारावे.

सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत ३७ प्रश्न विचारणे अवघड आहे, हे मान्य. पण ‘क्यूएलक्यू-सी३०’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत याविषयी दोनच प्रश्न आहेत: एक लक्ष लागण्याचा, दुसरा आठवण्याचा. परिचारिकेला ते विचारायला दोन मिनिटे पुरतात. उपचारांआधी, मध्यावर, शेवटी आणि सहा महिन्यांनी, अशा चार नोंदी झाल्या तरी पुष्कळ कळेल. ज्यांची उत्तरे बिघडत जातात, त्यांची झोप, मनःस्थिती, रक्त आणि थायरॉइड तपासावे आणि गरजेनुसार पुढे पाठवावे.

२०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात गाठतो. म्हणजे यातल्या कितीतरी जणी घर चालवणाऱ्या, कमावत्या वयातल्या आहेत. गाठ गेली, पण हिशेब जमत नाही म्हणून काम सुटले, तर त्या घराच्या दृष्टीने आजार संपलेला नसतो. गोळ्या घ्यायचे विसरले जाऊ लागले, तर उपचारच अर्धवट राहतात. गाठीचे माप सेंटिमीटरमध्ये लिहिणाऱ्या केसपेपरवर या दोन उत्तरांनाही एक ओळ मिळायला हवी.