मी बदक नाही!

गेल्या वर्षी जुलै ते सप्टेंबर, रोज संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास लेडीज हॉस्टेलमागच्या सायकल स्टँडमधून एक आवाज यायचा, आठवतंय? कुणी म्हणालं पाण्याचा पंप बिघडलाय, कुणी म्हणालं मांजर अडकलंय. तर ती मी होते. क्लॅरिनेट वाजवत होते! त्या आवाजापायी ज्यांच्या जर्नलमध्ये चुका झाल्या त्या सर्वांची जाहीर माफी मागते आणि विषयाकडे वळते.

(मराठी विभागात लिहायची ही पहिलीच वेळ. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे कुणी ‘एकोणऐंशी’ म्हटलं की अजून दोन सेकंद लागतात. शुद्धलेखन संपादक बघणार आहेत. चुका राहिल्याच तर त्यांच्या!)

शाळेच्या बँडमध्ये सहावीत असताना क्लॅरिनेट हातात आलं, कारण ट्रम्पेट संपले होते. पुढे परीक्षा दिल्या, ग्रेड पाचपर्यंत. या परीक्षांच्या एकूण ग्रेड आठ, म्हणजे मी जिन्याच्या बरोब्बर मध्यावर. आणि मला वाटतं, वाद्य सोडून देणारे बहुतेक लोक या मधल्या पायरीवरच सोडतात. नवशिक्याला काहीही वाजलं तरी आनंद असतो. घरचे टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. वर पोहोचलेल्यांसाठी मोझार्ट आहे, ब्राह्म्सचे १८९४ चे दोन सोनाटा आहेत. मधल्याने काय करायचं? स्केल्स, अभ्यासाचे तुकडे, आणि मोठ्या रचना छाटून सोप्या केलेल्या आवृत्त्या, ज्या झेरॉक्सच्या झेरॉक्ससारख्या लागतात. बोटं जरा चालायला लागलेली असतात आणि त्याच सुमारास वाजवण्यासारखं सुंदर काही हाताला लागत नाही.

मग माणूस चुकीच्या ठिकाणी शोधायला जातो. मी गेले. गॅदरिंगच्या निवडीसाठी मी वेबरचं कॉन्चेर्तिनो (१८११) घेतलं. का? तर ते अवघड वाटतं म्हणून! अवघड म्हणजे भारी, हे आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या डोक्यात इतकं बसलंय की विचारू नका. ज्या विषयात जास्त केटी लागतात तो विषय ग्रेट. दोन महिने घासलं. निवडीच्या दिवशी सुरुवातीचा संथ भाग कसाबसा पार पडला, आणि पुढच्या धावपळीत क्लॅरिनेट जे किंचाळलं ते पार कँटीनपर्यंत ऐकू गेलं. मागून आवाज आला, “क्वॅक!” त्या दिवसापासून मी ‘बदक’.

(आता एक तांत्रिक दुरुस्ती. प्रोकोफिएव्हच्या १९३६ च्या ‘पीटर अँड द वुल्फ’मध्ये बदकाचं काम ओबो करतो. क्लॅरिनेटकडे मांजर आहे. नाव ठेवायचंच असेल तर निदान बरोबर ठेवा.)

किंचाळण्यामागे थोडं फिजिक्सही आहे. बासरी जोरात फुंकली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटची नळी जवळजवळ सरळ दंडगोल असते आणि रीडच्या बाजूने बंद नळीसारखी वागते, त्यामुळे खालच्या सुरांतले सम हार्मोनिक्स अगदी क्षीण. अंगठ्याची की दाबली की खालचा सा वरच्या सप्तकातल्या ‘सा’वर न जाता थेट तिथल्या ‘प’वर उडी मारतो. म्हणजे खालचा मजला आणि वरचा मजला यांचे नकाशेच वेगळे! त्यात दोन मजल्यांच्या मधे एक जागा अशी आहे की जवळजवळ सगळी बोटं उचललेली असतात आणि पुढच्याच सुराला सगळी एकदम दाबावी लागतात. एक बोट जरा जरी तिरकं पडलं, की झालं. क्वॅक.

असो. पेटी कॉटखाली गेली. सेम संपलं, दुसरं सुरू झालं. एका मित्राला मी विकण्याची किंमतही विचारायला सांगितली होती. त्याने विचारलीच नाही. आळस म्हणा किंवा शहाणपण.

मग फेब्रुवारीत एका रात्री ड्रॉइंगची शीट पूर्ण करत बसले होते. फोनवर एकामागून एक काहीबाही आपोआप लागत होतं, आणि मधेच सँ-सान्सच्या क्लॅरिनेट सोनाटाचा तिसरा भाग लागला, ‘लेंटो’. पेन्सिल खाली ठेवली. खालच्या मजल्यावरचे जाड, काळोखे, लांबलचक सूर, पूर्ण ताकदीने. आणि थोड्या वेळाने तीच धून दोन सप्तकं वर, इतकी हळू की रूममेटने विचारलं, “बंद पडलं का गं?” सँ-सान्सने हे १९२१ मध्ये लिहिलं, पंच्याऐंशी वर्षांचा असताना. त्याच वर्षी त्याने ओबो आणि बसूनसाठीही एकेक सोनाटा लिहिला, आणि डिसेंबरात तो गेला.

दुसऱ्या दिवशी नोटेशन शोधलं. आयएमएसएलपी नावाच्या इंटरनेटवरच्या संग्रहात जुन्या संगीतकारांची पानंच्या पानं फुकट मिळतात. प्रिंट काढली आणि बघतच राहिले. पान जवळपास रिकामं! भराभर पळणाऱ्या सुरांची ती काळी गर्दीच नाही. चार फ्लॅट्स, मोठाले संथ सूर, बस्स. बोटांचं काम ग्रेड चारवाल्यालाही जमावं. काम सगळं श्वासाचं. सूर सुरू कसा करायचा, फुगवायचा कसा, आणि न थरथरता सोडायचा कसा.

माझं सगळं म्हणणं या रिकाम्या पानात आहे. मधल्या पायरीवरच्याने सुंदर रचना शोधताना ग्रेडचा आकडा बघू नये, पान बघावं. जिथे बोटांना अवघड नाही पण श्वासाला आहे, तिथे आपल्याला जागा असते. शूमानने १८४९ च्या फेब्रुवारीत दोनेक दिवसांत लिहून काढलेल्या तीन ‘फँटसी’ तुकड्यांपैकी पहिला घ्या. सूर आवाक्यातले आहेत, ओळी मात्र इतक्या लांब की फुप्फुसं परीक्षा घेतात. इंग्लंडच्या फिन्झीच्या पाच बॅगटेल्समधलं ‘कॅरल’ दीडदोन मिनिटांचं आहे आणि साधं आहे. आणि मोझार्टच्या कॉन्चेर्तोमधला अडाजिओ! १७९१ चा, मोझार्टच्या मृत्यूआधी जेमतेम दोन महिने पूर्ण झालेला. ‘आउट ऑफ आफ्रिका’ सिनेमात वाजतो तोच. माझे सर म्हणायचे, “त्याला हात लावू नकोस, अजून वेळ आहे.” सरांचा आदर राखून सांगते, पहिल्या आणि तिसऱ्या भागाबद्दल ते शंभर टक्के बरोबर आहेत. अडाजिओबद्दल नाही. त्याची मुख्य धून मला आजही वाजवता येते. वाईट येते, पण ती वाईट वाजवताना मी जे ऐकते, ते स्केल्स अचूक वाजवताना कधी ऐकू आलं नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. हे सगळं पियानो किंवा ऑर्केस्ट्रासोबतचं आहे आणि सायकल स्टँडमध्ये पियानो नाही. लेंटो एकट्याने वाजवलं की अर्धं घर पडल्यासारखं वाटतं. मग एकट्याने उभं राहील असं काय आहे?

उत्तर मेसच्या मावशींकडून आलं. एकदा ताट ठेवायला गेले तर म्हणाल्या, “ती पिपाणी तूच वाजवतेस ना गं? आमच्याकडे वरातीला बँडवाला हेच घेऊन यायचा. गाणं येतं का एखादं? की नुसतंच हे?” नुसतंच हे! चौदा वर्षांपूर्वीची असते तर रडले असते. मी विचारलं, “कुठलं वाजवू, मावशी?” त्यांनी एक भूपाळी गुणगुणली, त्यांची आई पहाटे म्हणायची ती. मला माहीतच नव्हती. शोधल्यावर कळलं, ‘अमर भूपाळी’ या १९५१ च्या सिनेमातली, संगीत वसंत देसाईंचं. रूममेट माझ्याकडे अशी बघत होती जणू मी शिवाजी महाराज कोण विचारलं.

मला नोटेशन मिळालं नाही, म्हणून कानाने बसवायला घेतली. चार संध्याकाळी गेल्या. मेकॅनिकलच्या एकाकडे पेटी आहे, त्याला साथीला बोलावलं तर पहिल्या सुरालाच दोघांचं भांडण! मी सी वाजवतेय, तोही पांढरी एक धरतोय, आणि दोन्ही एकमेकांना खातायत. कारण क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं असतं. मी कागदावरचा सी वाजवला की प्रत्यक्षात काळी पाच येते. मग त्याने काळी पाच धरली आणि गाडी रुळावर आली. सात वर्षं ‘ट्रान्सपोझिंग इन्स्ट्रुमेंट’ची व्याख्या पाठ होती. अर्थ कळला तो पेटीवर.

मेसच्या दाराशी वाजवली. मावशी पीठ मळता मळता ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “दुसऱ्या ओळीत घाईने खाली आलीस.” बरोबर होतं. कुठल्याच परीक्षकाने मला इतक्या कमी शब्दांत काही सांगितलेलं नाही.

आता गॅदरिंगच्या निवडीबद्दल एकच. यंदा मी लेंटो देईन म्हटलं, तर उत्तर आलं, “स्लो आहे, पब्लिक उठून जाईल.” पब्लिकला एकदा तरी विचारा. आणि स्टाफपैकी हे कुणी वाचत असेल तर एक अर्ज इथेच करते: सेमिनार हॉलच्या कोपऱ्यात एक कीबोर्ड कव्हर घालून ठेवलेला आहे. रविवारी एक तास किल्ली मिळाली तर शूमानची साथ वाजवायला फर्स्ट इयरची एक मुलगी तयार आहे.

तोपर्यंत सायकल स्टँड आहेच. पावसात रीड फुगते, त्यामुळे सूर जरा बसका लागेल. येत्या रविवारी साडेपाचला भूपाळी आहे, पेटीसकट, आणि लेंटोचा फक्त खालचा मजला. वरचा अजून जमत नाही. दुसऱ्या ओळीवर लक्ष ठेवायला मावशी येणार आहेत.