औषध संपले, विश्रांती संपेना

गेल्या आठवड्यात दवाखाना बंद करायच्या वेळेला एक बापलेक आले. वडील साठीच्या आतबाहेरचे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे. मुलगा बसायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच सांगा आबांना, आता फुंकायचं न्हाई म्हणून. माझं ऐकत न्हाईत." आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून जुनी फाईल काढून टेबलावर ठेवली.

दोन वर्षांपूर्वी त्यांना फुप्फुसाचा क्षय झाला होता. सहा महिन्यांचे औषध, एकही दिवस चुकवलेला नाही, शेवटची थुंकीची तपासणी स्वच्छ. असा रोगी मिळायला डॉक्टरचे नशीब लागते. पण त्याच फाईलच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ होती, 'वादन बंद. पूर्ण विश्रांती.' किती दिवस, ते लिहिलेले नव्हते.

वाचकहो, प्रत्येक गोळीपुढे आम्ही डॉक्टर किती वेळा आणि किती दिवस हे न विसरता लिहितो. विश्रांतीपुढे मात्र तारीख घालत नाही. रोगी भिडस्त असतो, विचारत नाही. घरच्यांना तर बंदीच सोयीची वाटते. आबांच्या गोळ्या दीड वर्षापूर्वी संपल्या, माझी ती ओळ मात्र अजून चालूच होती. औषधावर असताना त्यांचे वजन आठ किलोंनी वाढले होते, नंतर त्यातले चार उतरले. मी घाबरून पुन्हा थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, साखर बघितली. रोग परतला नव्हता. माणूस नुसता कट्ट्यावर बसून होता. दुसऱ्यांच्या वराती समोरून जात होत्या आणि हा बघत होता. जेवण कुठून जाणार?

ती फाईल बघताना मला कुमार गंधर्व आठवले. कोल्हापूरकरांना त्यांची ओळख करून द्यायला नको, तरी तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, जन्म 8 एप्रिल 1924, गाव बेळगावजवळचे सुळेभावी, म्हणजे आपल्या शेजारचेच. लहानपणापासूनच मैफली गाजवणारा हा मुलगा पुढे मुंबईत प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकला. 1947 साली भानुमती यांच्याशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. वय तेवीस. कोरड्या हवेसाठी ही दोघे माळव्यातल्या देवासला गेली. डॉक्टरांचा हुकूम होता, गाणे पूर्ण बंद. साधे गुणगुणणेही नको. भानुमतीबाई स्वतः गायिका. त्यांनी तिथे शाळेत नोकरी करून घर चालवले आणि शुश्रूषाही केली. अशी सुमारे पाच वर्षे गेली.

त्या वेळच्या डॉक्टरांना नावे ठेवायचे कारण नाही. त्यांच्या हातात दुसरे काही नव्हतेच. आपल्याकडच्या जुन्या माणसांना मिरजेजवळचे वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आठवत असेल. स्वच्छ हवा, दूध, अंडी आणि अंथरूण हीच तिथली मुख्य औषधे. विचार असा की फुप्फुस प्रत्येक श्वासाला हलते. ते जितके कमी हलेल तितकी जखम लवकर भरेल. त्यासाठी छातीत हवा भरून एका बाजूचे फुप्फुस मुद्दाम मिटवून ठेवत, काहींच्या तर बरगड्या कापत. जिथे श्वाससुद्धा मोजून घ्यायचा तिथे तान कुठली घेऊ देणार?

स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले खरे औषध अमेरिकेत 1943 साली सापडले. आपल्याकडे ते सर्रास मिळायला आणखी काही वर्षे गेली, आणि मिळाले तरी महाग. कुमारांना ते 1952 च्या सुमारास मिळाले आणि रोग आटोक्यात आला. 1953 मध्ये ते पुन्हा रसिकांपुढे बसले. मात्र एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते.

येथे थोडे शरीरशास्त्र सांगतो. क्षयाची जखम भरते, पण भरते ती व्रणाने. कातडी भाजल्यावर जसा आवळलेला डाग राहतो तसाच फुप्फुसातही राहतो. तेवढा भाग पुन्हा फुगत नाही आणि नवे फुप्फुस उगवत नाही. आपण बसल्या बसल्या एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. धडधाकट पुरुष छाती भरून घेईल तर चार लिटरच्या आसपास बाहेर सोडू शकतो. गवयाची आणि फुंकून वाजवणाऱ्याची सगळी श्रीमंती या दोन आकड्यांमधल्या फरकात असते. क्षयाने ती कमी होते. मग राहिलेली हवा कशी खर्चायची, एवढेच माणसाच्या हातात उरते.

कुमारांच्या गाण्यातले ते छोटे, झटकन येणारे तुकडे आणि मधल्या थांबण्याच्या जागा आजारामुळे आल्या, की त्या तशाही येणारच होत्या, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी जाणकार नव्हे, फार तर कानसेन. मला वैद्यकाच्या बाजूने एवढेच दिसते की हा माणूस आजारापूर्वीचा कुमार गंधर्व व्हायला परत आला नाही. अंथरुणात पडून त्यांनी माळव्यातली लोकगीते कानांत साठवली होती, त्यांतून पुढे नवे राग बांधले. बंदिशींचे 'अनूपरागविलास' हे पुस्तक 1965 साली आले. निर्गुणी भजने आली, 'मला उमजलेले बालगंधर्व'सारखे कार्यक्रम आले. 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. म्हणजे डॉक्टरांनी 'गाऊ नका' म्हटलेला माणूस त्यानंतर जवळपास चाळीस वर्षे गायला.

आता गंमत बघा. कुमार परतल्यावर तीनच वर्षांनी, 1956 मध्ये, मद्रासला एक मोठा अभ्यास सुरू झाला. शहरातल्या गरीब वस्तीतले क्षयाचे रोगी घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, तिथे चांगले जेवण आणि विश्रांती. उरलेल्यांना तीच औषधे दिली, पण ते राहिले आपापल्या घरी. कोंदट खोल्या, बेताचे अन्न, कामधाम चालू. वर्षभरानंतर दोन्हीकडचे निकाल ताडून पाहिले तर सांगण्यासारखा फरक नव्हता. घरातल्या इतर माणसांना लागण होण्याचे प्रमाणही घरी ठेवल्याने वाढले नव्हते. गुण येत होता तो औषधाने, खाटेने नव्हे. या अभ्यासाने जगभरातली क्षयाची आरोग्यधामे हळूहळू बंद पाडली. आपल्या देशातून जगाला मिळालेल्या या ज्ञानाची आपल्याच घरांत मात्र अजून वार्ता नाही. आरोग्यधामे गेली, त्यांचा हुकूम आमच्या डोक्यात राहिला. माझ्या तर फाईलमध्येच राहिला.

हृदयविकाराचेही तेच. पूर्वी झटका आला की रोग्याला आठवडेच्या आठवडे उताणे झोपवून ठेवत. लेव्हाइन आणि लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी 1952 साली अशा रोग्यांना लवकर उठवून खुर्चीत बसवायला सांगितले, तेव्हा इतर डॉक्टरांना तो अतिरेक वाटला. आज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोगी वॉर्डात चालतो. पण घरी आला की सूनबाई पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत.

आमच्या घरातल्या पोरांना रॉक संगीताचा नाद, त्यामुळे दोन नावे माझ्याही कानावर आली. 'रोलिंग स्टोन्स'चे मिक जॅगर यांच्या हृदयाची झडप एप्रिल 2019 मध्ये बदलली, तीही छाती न उघडता रक्तवाहिनीतून. वय पंचाहत्तर. कार्यक्रम पुढे ढकलले, आणि 21 जूनला हे आजोबा शिकागोच्या मैदानात पुन्हा नाचत होते. दुसरे ऑझी ऑस्बोर्न. त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन. उभे राहणे अशक्य. त्यांनी 5 जुलै 2025 रोजी आपल्या गावी, बर्मिंगहॅमला, सिंहासनासारख्या खुर्चीत बसून शेवटचा कार्यक्रम केला आणि 22 जुलैला ते वारले. पोरांना जॅगरचे कौतुक. मला ऑस्बोर्न जास्त पटले. झडप बदलून मिळते, कंपवात बदलून मिळत नाही, तरी माणूस खुर्ची मागवून बसला. आपल्याकडे खुर्ची मागवणे म्हणजे हार, असे समजून कितीतरी भजनी बुवांनी टाळ खाली ठेवले आहेत.

याचा अर्थ उद्यापासून सगळ्यांनी वरातीत निघावे असा नाही. मुलाची भीती खोटी नव्हती. त्याने बापाच्या तोंडातून आलेले रक्त तस्तात पाहिले होते. ते विसरता येत नाही. शिवाय बँडचा धंदा म्हणजे नुसते वाजवणे नव्हे. धूळ, फटाक्यांचा धूर, मध्यरात्रीपर्यंतचे जागरण, आणि चालत चालत फुंकणे, जे दुप्पट कष्टाचे. त्यातून सुपारी देणारा वेळ झाली तरी सोडत नाही.

म्हणून मी आबांना आधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवून श्वास मोजून घेतला. नळीत फुंकायची ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची असते. व्रण किती आहे आणि फुप्फुसावर हवेचे फुगे तर नाहीत ना, हेही बघितले. असा फुगा जोराने फुंकताना फुटला तर फुप्फुस मिटते. ज्यांना तो असेल त्यांनी फुंकायचे वाद्य विसरावे, तिथे मी कोणाचीही भीड धरणार नाही. आबांना फुगे नव्हते. श्वास मात्र त्यांच्या वयाच्या माणसाच्या मानाने पुष्कळ कमी भरला. टाकाळ्याचा चढ मध्ये दोनदा थांबून चढतात.

मग तिघांनी बसून ठरवले. पहिले पंधरा दिवस घरी, बसून, दिवसातून दोनदा दहा मिनिटे, खालचे आणि लांब सूर. सकाळी चालणे, रोज थोडे जास्त. वाद्याची पत्ती आणि मुखनळी धुवायची, दुसऱ्याच्या तोंडात द्यायची नाही. थुंकीत रक्ताचा ठिपका दिसला, छातीत एकाएकी कळ येऊन दम लागला, किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर वाजवणे थांबवून थेट दवाखाना. आणि बिडी? आबा प्रथमच बोलले, "सोडली की." मुलगा छताकडे बघत होता. मी काय समजायचे ते समजलो. मग सगळ्यात वर तेच लिहिले आणि शेवटची तारीखही घातली, त्याच दिवसाची.

वरात नको, असे मी म्हटले. आबांचा चेहरा पडला. तेव्हा मुलगाच म्हणाला, मांडवात हळदीला नि जेवणाच्या पंगतीला बसून वाजवायच्या सुपाऱ्या असतात, पैसे थोडे कमी मिळतात. बँडमास्तरांशी तो बोलणार आहे. मोठ्या ताना दुसऱ्याने घ्यायच्या, मुखडा आबांनी धरायचा. हे काही मी सुचवले नव्हते. बाप कसा वाजवतो ते लहानपणापासून ऐकलेल्या पोरालाच ते सुचले.

पहिल्या पानावरची माझी जुनी ओळ मी खोडली आणि बाजूला सही केली. महिन्याने पुन्हा वजन बघायचे आहे.