सुट्टीतले दोन महिने



मे महिना आला की आपल्या वस्तीतील कॉलेजची मुले कामाला लागतात. कोणी दुकानात, कोणी कुरिअरवर, तर कोणी वडिलांबरोबर बांधकामावर. त्यात कमीपणा मुळीच नाही. त्याच पैशातून पुढच्या वर्षीची पुस्तके येतात. परंतु इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या मुलामुलींना सुट्टीचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याची बातमी आपल्या घरी पोहोचते तेव्हा अर्जाची मुदत संपलेली असते. म्हणून आज त्याविषयी.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या ओळखीचे एक गवंडीकाम करणारे गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिला परराज्यातील एका मोठ्या संस्थेचे पत्र आले होते. उन्हाळ्यात आठ आठवडे प्रयोगशाळेत काम करायचे, दरमहा विद्यावेतन मिळणार, राहणे हॉस्टेलवर. आई म्हणत होती, एकट्या पोरीला इतक्या लांब कसे धाडायचे? वडील विचारत होते, "यातून नोकरी लागते का?" खरे सांगायचे तर आमच्याही मनात पहिला प्रश्न तोच आला.

मुलगी म्हणाली, "काका, नोकरीचे मला माहीत नाही. पण कॉलेजात आम्ही जे प्रयोग करतो, त्यांचे उत्तर आधीच ठाऊक असते. आकडा जुळला नाही तर मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवतात. मला एकदा तरी उत्तर ठाऊक नसलेला प्रयोग करायचा आहे."

या बोलण्यावर आम्ही गप्प झालो. संशोधन म्हणजे काय, हे तिने चार वाक्यांत सांगितले होते.

पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात हात घालू द्यावा, ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण विदुषीने असा कार्यक्रम उभा केला. पुढे १९८७ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने देशभर उन्हाळी कार्यक्रमांना पैसा द्यायला सुरुवात केली. ज्यांच्या स्वतःच्या कॉलेजात संशोधनाची सोय नाही, अशा मुलांना दुसऱ्या विद्यापीठात नेऊन शिकवावे, हा त्यातला एक मोठा हेतू. मात्र ती योजना तेथील नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे.

आपल्याकडेही सोय आहे. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी उन्हाळी शिष्यवृत्त्या देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वेगळा कार्यक्रम आहे. मद्रास आणि गांधीनगरच्या आयआयटी बाहेरच्या कॉलेजांतील विद्यार्थ्यांनाही उन्हाळ्यात घेतात. आयआयटीत प्रवेश मिळाला नाही म्हणून तिचे दार कायमचे बंद झाले, असे समजण्याचे कारण नाही.

तर ती मुलगी गेली. काम होते सिमेंटचे. औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळाल्यावर जी बारीक राख उरते, ती काँक्रीटमध्ये थोड्या सिमेंटच्या जागी घालायची. दीडशे मिलिमीटरचे ठोकळे ओतायचे, पाण्यात ठेवायचे आणि सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचे. किती भार सोसतात, ते मोजायचे.

सातव्या दिवशी राखेचे ठोकळे साध्या ठोकळ्यांपेक्षा लवकर फुटले. पोरीचा रडवेला फोन आला, "बाबा, प्रयोग फसला." तिच्या मार्गदर्शकांनी मात्र सांगितले, "जो आकडा आला तोच लिही. आता असे का झाले ते शोध."

कारण सापडले. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की थोडा चुना मोकळा होतो, आणि राख त्या चुन्याशी पाण्याच्या सोबतीने सावकाश जुळते. म्हणून राखेच्या काँक्रीटला ताकद यायला वेळ लागतो. अठ्ठाविसाव्या दिवशी दोन्ही ठोकळ्यांतले अंतर बरेच कमी झाले होते. आता छप्पन्नाव्या दिवशी काय होते, ते पाहायचे होते. पण आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवसच, आणि ठोकळे ओतले होते दुसऱ्या आठवड्यात! ठोकळे पाण्याच्या टाकीत ठेवूनच तिला घरी परतावे लागले. पुढे तेथून निरोप आला: राखेचे ठोकळे बरोबरीला आले.

त्या दिवशी वडिलांनी तिची वही समोर घेतली. बाजारात पीपीसी नावाने जे सिमेंट मिळते, त्यात हीच राख असते. ते म्हणाले, "म्हणजे ह्या सिमेंटला जास्त दिवस पाणी मारायला सांगतात ते याच्यासाठी! वीस वर्षं पाणी मारतोय, कारण कोणी सांगितलं नव्हतं." बापाच्या हाताला जे ठाऊक होते, त्याचे कारण लेकीने घरी आणले. आम्ही पुष्कळ बक्षीस समारंभ पाहिले, पण एवढे समाधान क्वचितच मिळाले.

आता पालकांना काही गोष्टी सांगतो.

उन्हाळ्याच्या कामाचे अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात. दिवाळी झाली की मुलांना संस्थांच्या जाहिराती पाहायला सांगा. दुसऱ्या वर्षापासूनच चौकशी सुरू करावी. अर्जाला बहुधा शिक्षकाचे शिफारसपत्र लागते, आणि आपल्याला काय शिकायचे आहे, हे थोडक्यात लिहावे लागते. ते स्वतःच्या शब्दांत लिहावे. दुसऱ्याचे उतरवू नये. शिक्षकांकडे पत्र मागताना आपली मुले भिडस्तपणा करतात. मागण्यात लाज नाही.

विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो का, हे आधी विचारून घ्या. पैसे हाती यायला कधीकधी उशीर होतो, तेव्हा पहिल्या महिन्याच्या जेवणाखाण्याची तजवीज करूनच धाडा. उलट तुमच्याकडूनच पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारे पुष्कळ निघाले आहेत. त्यांच्यापासून दूर राहा.

मुलगी असेल तर हॉस्टेलची आणि मार्गदर्शकांची चौकशी जरूर करा. शक्य झाले तर एकदा सोबत जाऊन सोडून या. त्या आईनेही तेच केले. पण चौकशी करणे वेगळे आणि नकार देणे वेगळे.

नोकरीचे काय, हा प्रश्न उरतोच. दोन महिन्यांनी नोकरी लागते, असे आम्ही सांगणार नाही. ती मुलगी आज एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते आहे, निकाल अजून लागायचा आहे. आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत तिने एक कागद चिकटवला आहे. त्यावर उन्हाळी कार्यक्रमांची नावे आणि अर्जाच्या तारखा लिहिलेल्या आहेत. खाली लिहिले आहे, "कोणाला भरायचा असेल तर रविवारी भेटा."

मागच्या रविवारी तेथे चार मुले बसली होती. तुमच्या अभ्यासिकेतही असा एक कागद लागू द्या.